सोळा आण्यांचं घर

आमच्या दोघांच्याही घराण्यात सातबारा नाही. माझे आजोबा साताऱ्याकडून येऊन रेल्वेत चिकटले ते परळच्या क्वार्टर्समध्येच निवृत्त झाले. गावाकडे जे काही वीतभर होतं ते त्यांनी धाकट्या भावाला सोडून दिलं. सासरी तर सोडायलाही काही नव्हतं. त्यामुळे 'गाव कोणतं तुमचं?' असं कुणी विचारलं की आम्ही 'डोंबिवली' म्हणायचो, आणि समोरचा 'ते झालं हो, मूळ गाव?' म्हणून वाट बघत राहायचा.

गप्पांपुरतं हे चालून जायचं. पण नवरा निवृत्तीला आला आणि आम्ही कोकणात घर बघायला लागलो, तेव्हा पहिल्याच वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शेतकरी आहात का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग शेतजमीन तुम्हाला घेता येणार नाही." १९४८ चा कुळवहिवाट कायदा, कलम ६३. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घेतली तर व्यवहार बेकायदा ठरतो आणि जमीन सरकारजमासुद्धा होऊ शकते. आणि कोकणातल्या वाडीतलं घर म्हणजे बहुतेक वेळा शेतजमिनीतच उभं असतं. घराचा असेसमेंटचा उतारा ग्रामपंचायत देते, घरपट्टीची पावतीही मिळते, पण घराखालची जमीन सातबाऱ्यावर 'वरकस' नाहीतर 'जिरायत' म्हणून पडून असते. घरपट्टीच्या उताऱ्याने मालकी सिद्ध होत नाही. दलाल मात्र तोच उतारा आधी दाखवतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लग्नपत्रिकेसारखा.

आमच्या ओळखीतले बरेच जण ह्या कायद्यावर चिडतात. पैसे आमचे, विकणारा राजी, मग सरकार मध्ये कशाला? मला तसं वाटत नाही. हा कायदा ज्या भूमीतून आला तिथे जमीन कसणारा आणि जमिनीचा धनी ही दोन वेगळी माणसं होती, आणि त्यांच्यामध्ये सारा वसूल करणारा खोत होता. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप केला, पीकच घेतलं नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्यानंतर कसेल त्याची जमीन झाली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' धरून कुळं मालक ठरली. एवढ्या खटपटीने जी जमीन कसणाऱ्याच्या नावावर आली ती डोंबिवलीच्या प्रॉव्हिडंट फंडातून कुणी सहज उचलू नये, ह्यात मला गैर काही दिसत नाही. अडचण आमची होती, कायद्याची नव्हे.

अर्थात अडचणीवर उपाय विकणारेही होते. एका दलालाने आम्हाला चहाचा घोट घेता घेता सांगितलं, "शेतकरी दाखल्याचं टेन्शन घेऊ नका, तो आपण काढून देतो." कुठून, कसा, ते सांगितलं नाही. आम्ही चहाचे पैसे देऊन उठलो. दुसऱ्याने सड्यावरचे प्लॉट दाखवले. एनए म्हणजे बिनशेती झालेले, आखीवरेखीव, दहा-दहा गुंठ्यांचे, लाल फरसबंद रस्ता आणि दर कोपऱ्यावर एक मरायला टेकलेलं गुलमोहराचं रोप. कागद स्वच्छ होते, हे मान्यच करायला हवं. पण सडा म्हणजे उघडा जांभ्याचा कातळ. पावसात वारा माणसाला उभं राहू देत नाही आणि मे महिन्यात चप्पल काढून पाय ठेवता येत नाही. त्या कातळावर पावसाळा संपता संपता जी रानफुलं येतात ती बघायला जावं, हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी कोरून ठेवलेली कातळशिल्पं बघायला जावं. राजापूर तालुक्यातली बारसू, देवाचे गोठणे ही नावं त्यामुळेच आता जगाला कळायला लागली आहेत, आणि २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. राहायला मात्र गावातला जुना माणूस कधी सड्यावर गेला नाही. वाड्या सगळ्या खाली, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाने, जिथे झाड आणि झरा आहे तिथे. शेकडो वर्षं जिथे कुणी घर बांधलं नाही तिथे 'व्ह्यू' आहे म्हणून बांधायचं असेल तर टँकरचं पाणी प्यायची तयारी हवी.

पाण्याचं हे गणित बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि एप्रिल लागला की वाड्यावाड्यांत टँकर फिरतात. जांभा सच्छिद्र. पडलेलं पाणी तो पितो आणि खालच्या चिकण थरावरून वाहून दऱ्यांत सोडून देतो. विहीर कुठे आहे, ती कुणाची आहे आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या तळाला किती हात पाणी असतं, हे विचारल्याशिवाय घराची किंमत विचारू नये. राजापूरजवळ उन्हाळे गावची गंगा आहे, चौदा कुंडांची. ती मनात येईल तेव्हा येते आणि मनात येईल तेव्हा जाते, लोक तिची वाट बघतात, स्नानाला गर्दी करतात. विहिरीने असं वागून चालत नाही.

राजापूर तालुक्यात आम्ही वाड्या हिंडलो तेव्हा एक गोष्ट सारखी दिसायची. घराला कुलूप, ओटीवर पालापाचोळा, तुळशीवृंदावनाला मात्र ताजा रंग. गणपतीत आणि शिमग्याला माणसं येतात, रंग देतात, कुलूप लावून जातात. आम्ही थांबलो की पलीकडच्या घरातून कुणी तरी विचारायचं, "जागा बगायला आलाव काय?" त्या विचारण्यात कुतूहल असायचं तसाच थोडा कडवटपणा. ह्या तालुक्याने गेल्या काही वर्षांत जागा बघणारे पुष्कळ पाहिलेत. आधी नाणार, मग बारसू. रिफायनरी येणार म्हटल्यावर कुठून कुठून माणसं येऊन सडे विकत घेऊन गेली. प्रकल्प हवा की नको ह्यावर एकाच घरात दोन मतं, आणि त्या वादात भावाभावांचं बोलणं बंद. त्यामुळे पांढरी गाडी, टोपी घातलेला पुरुष आणि फोनवर नकाशा बघणारी बाई असं दृश्य दिसलं की गाव सावध होतो. आमची गाडी राखाडी होती, एवढाच फरक.

आणि मग ते सातबारे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. आता डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, त्यामुळे मला त्याचं व्यसनच लागलं. कुणी जागा सुचवली की मी सर्वे नंबर, हिस्सा नंबर विचारायची आणि रात्री उतारा काढून वाचत बसायची. दीड एकरावर सत्तावीस नावं. नावापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, आणि तो मॅनेजर साठ साली वारलेला. एका नावापुढे 'अ.पा.क.', अज्ञान पालन कर्ता आई, म्हणजे अल्पवयीन मुलाची पालक. त्या अज्ञान मुलाचे आता दात पडलेत आणि तो विरारला नातवाला शाळेत सोडतो. जुन्या उताऱ्यांत हिस्से आणे-पैंत लिहिलेले असायचे. जमीन कितीही असो, ती सोळा आण्यांची. कुणाचे चार आणे, कुणाचे दोन आणे आठ पै. तुम्हाला जे घर आवडलंय ते कुणाच्या तरी एका आण्यात उभं असतं, पण तो एक आणा नेमका कुठला हे जमिनीवर कुणी आखलेलं नसतं. वाटप तोंडी झालेलं. हा फणस काकांचा, तो आमचा, मधला दगडांचा गडगा आजोबांनी घातला. सगळ्यांना माहीत आणि कागदावर कुठेही नाही.

मुंबईत फ्लॅट घेताना आपण बिल्डरकडून घेतो. इथे एका माणसाकडून घर मिळतच नाही, ते अख्ख्या वंशावळीकडून घ्यावं लागतं. बँकेलाही हे कळतं. दोन बँकांनी कर्जाचा अर्ज ऐकूनच परत दिला, कारण जुन्या घराचा मंजूर नकाशा नव्हता आणि मालकीत इतकी नावं.

शेवटी जे घर मिळालं ते एका जुन्या बिनशेती आदेशामुळे. त्या घरातला मधला मुलगा सरकारी नोकरीत होता. त्याने खूप वर्षांपूर्वी, गाव हसत असताना, घराभोवतीच्या अठरा गुंठ्यांची रीतसर मोजणी करून, वाटप करून, बिनशेती करून घेतली होती. "कशाला पैसे घालवतोस?" असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं. तो आता नाही. त्याच्या त्या हट्टावर आम्ही आज ओटीवर बसतो.

तरीही आदेश होता म्हणून सह्या चुकल्या नाहीत. नालासोपाऱ्याचे थोरले, सुरतेचे धाकटे, मधल्याची विधवा बायको, दुबईतला पुतण्या कुलमुखत्यारपत्रावर, आणि लांज्याला दिलेली बहीण. भावांनी गृहीत धरलं होतं की बहीण हक्कसोड लिहून देईल, कोकणात अजूनही बहुतेक बहिणी देतात, साडीचोळीवर समाधान मानतात. ह्या बाईंनी शांतपणे विचारलं, "माझा वाटा किती होतो?" वकिलांनी वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीचं सांगितलं, मुलीला मुलाइतकाच वाटा. खोलीत मिनिटभर कुणी बोललं नाही. मग थोरल्यांनी मान हलवली. मला त्या बाईंचं फार बरं वाटलं, पण तसं दाखवायची ती जागा नव्हती, म्हणून मी पाण्याचा ग्लास त्यांच्या पुढे सरकवला.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सगळे जमले तेव्हा खरेदीखतापेक्षा तो लग्नाचा वऱ्हाडी हॉल वाटत होता. तुतारी एक्स्प्रेसने आलेले, राजापूर रोडला उतरून तिथून गावापर्यंत रिक्षाचे भरमसाट पैसे मोजलेले, एकमेकांना वर्षांनी भेटणारे चुलत-मावस. अंगठे, फोटो, एक टक्का नोंदणी फी, ती कितीही झाली तरी तीस हजारांच्या वर नाही. तासाभरात काम झालं. पण कोणी जायला उठेना. तेव्हा थोरल्यांनी विषय काढला, "एक राह्यलं. राखणदार."

अंगणाच्या दक्षिण कोपऱ्यात, आईनाच्या झाडाखाली, शेंदूर नसलेला एक काळा दगड आहे. घराच्या मूळपुरुषापासून त्याला वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा दिला जातो. घर विकलं तरी त्याचं देणं त्यांच्याकडेच राहील का? वकील म्हणाले, खरेदीखतात असं काही लिहिता येणार नाही, उद्या तुमच्या जागेवर वहिवाटीचा हक्क निर्माण होईल. कायद्याने ते बरोबर होते. आम्ही लिहिलं नाही, पण हो म्हणालो. दर वर्षी मिरगाच्या आसपास ते कुणी तरी येतात, गाऱ्हाणं घालतात, नारळ फोडतात. कोंबडा त्यांचा, रस्सा आमच्या चुलीवर. घरातला गणपती त्यांनी वरच्या वाडीतल्या चुलतभावाकडे हलवला, त्यासाठी ग्रामदेवतेला कौल लावला होता म्हणे. ह्या सगळ्यावर माझा विश्वास किती हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात. मी देवाधर्मातली नाही. पण सोसायटीच्या पार्किंगवरून पोलिसांत गेलेले लोक मी पाहिलेत, त्यामानाने हा करार सरळ आहे.

घराबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण घराची वर्णनं वाचून लोक फोन करतात आणि 'होमस्टे आहे का' विचारतात. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे ओटी आणि पडवी, मध्ये माजघर, मागे स्वैपाकघर, न्हाणी बाहेर होती ती आम्ही आत घेतली. वासे किंजळीचे, दोन ठिकाणी वाळवीने खाल्लेले. छप्पर मंगलोरी कौलांचं. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं की कौलं काढा, पत्रा टाका, वानरं राहू देणार नाहीत. आम्ही ऐकलं नाही. दर मे महिन्यात घर शाकारून घ्यावं लागतं, म्हणजे माणूस वर चढतो, फुटकी कौलं काढतो, सरकलेली बसवतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात वानरांची टोळी येऊन त्याची तपासणी करते. आता ह्या भागात कौलं परतणारी माणसंही मोजकी उरलीत. पोरं गवंडीकामापेक्षा चिपळूणला कंपनीत जाणं पसंत करतात आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. पत्र्याचा विचार आमच्याही घरात अधूनमधून निघतो.

आणि शांतता. ती आम्ही घ्यायला आलो होतो ना. पहिल्या पावसात कौलांवर, पन्हळीत, केळीवर, टाकीच्या झाकणावर जो काही आवाज सुरू झाला तो आठ दिवस थांबला नाही. शेजाऱ्यांशी बोलायचं तर ओरडून. रात्री पाऊस थांबला की बेडूक आणि रातकिडे. सकाळी शेजारच्या काकी विचारायच्या, "काय गो बाय, झोप लागली काय?" पावसाळा संपला की गवत कापायचं यंत्र, पेट्रोलवर चालणारं. मग शिमग्याचे ढोल, मग नमन-खेळे रात्रभर. मे महिन्यात चाकरमानी आले की अंडरआर्म क्रिकेटचे सामने दिव्यांच्या उजेडात, कॉमेंट्रीसकट, आणि दर दोन दिवसांनी कुणाकडे तरी सत्यनारायण, स्पीकरसकट. डोंबिवलीत आम्हाला लोकल आणि रिक्षा ऐकू यायच्या, पण त्यात आमचं नाव कुणी घेत नव्हतं. इथे स्पीकरवरून आमच्या वर्गणीचा आकडा जाहीर होतो.

खरी शांतता असते ती नोव्हेंबरपासून होळीपर्यंत, मधल्या दुपारी. तेव्हा वाडीत हाक मारली तर ओ द्यायला पाच-सहा घरंच उघडी असतात. मला ती आधी फार आवडायची. मग काकींशी बसून बोलता बोलता त्या दुपारी कशा तयार झाल्या ते कळत गेलं. काकींचे यजमान लालबागला गिरणीत होते. लग्नानंतर काकी गावातच. सासू-सासरे, गुरं, नाचणी, तीन मुलं. नवरा वर्षातून दोनदा. १९८२ चा संप झाला, वर्षभर पगार नाही, गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही, आणि माणूस परत आला तो बोलेनासा होऊन. मुलं मोठी होऊन पुन्हा मुंबईलाच गेली, पण आता लालबागला नव्हे, दिवा आणि नालासोपाऱ्याला. सबंध जिल्ह्याचीच ही कुंडली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. वरवर बघणाऱ्याला वाटेल काय पुढारलेला जिल्हा आहे. पुरुष मुंबईला मोजले गेले, एवढाच त्याचा अर्थ. आणि राज्याची लोकसंख्या वाढत असताना ह्या जिल्ह्याची २००१ ते २०११ मध्ये घटली, सोळा लाख सत्त्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट आता सातावर आलाय. बाई खूप चांगल्या शिकवतात, सात पोरांना.

म्हणजे जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत, गजबजाटापासून दूर' म्हणून जे विकतात, ते तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं लागली आणि त्याची किंमत दिली ती काकींसारख्यांनी. आम्ही फक्त शेवटचा हप्ता भरला. हे कळल्यावर दुपार आवडायची थांबली असं नाही. आवडतेच. पण आता ती फुकटची वाटत नाही.

गावाचा कारभार गावात चालतो असंही समजू नये. वाडीचं ग्रामविकास मंडळ मुंबईत आहे. सभा रविवारी, कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये. पाण्याची टाकी कुठे बांधायची, पालखीच्या मिरवणुकीत पुढे कोण, मे महिन्यातल्या सामन्यांचं बक्षीस किती, हे तिथे ठरतं आणि इथे फोनवर कळतं. आम्ही इथे राहतो, आणि ते तिथे राहून इथले. सुरुवातीला आमची वर्गणी 'देणगीदार' ह्या सदरात छापली गेली. घरामागे जी वर्गणी असते ती आमच्याकडे मागितलीच नाही, मोठी रक्कम मात्र मागितली. नवरा हट्टाला पेटला की घराची पावती हवी. दोन वर्षं ह्या विषयावर मंडळात चर्चा झाली असं ऐकलं. मग एका शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. कुणी काही जाहीर केलं नाही. मानकऱ्यांनी विचारलं, "वैनी, ओटी भरताव ना?" माझी तारांबळ उडाली, कारण घरात खण नव्हता. काकींनी गडग्यावरून दिला. त्या वर्षीपासून घराची पावती येते, रक्कम इतरांइतकीच. देणगीही मागतात, ती सोडलेली नाही.

एक गोष्ट मात्र पालखीनेही मिटत नाही. आम्ही घर घेतल्याचा आकडा तालुकाभर फिरला, आणि तो फिरताना वाढत गेला. काकींच्या धाकट्या मुलाला गावात परत यायचंय, मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचंय, रस्त्यालगत चार गुंठे हवेत. ज्यांच्याकडे आहेत ते त्याला म्हणतात, "मुंबईवाल्यांनी किती दिले माहीत आहे ना?" तो मला हसत हसत सांगतो, राग न धरता. मी आकडा खरा सांगितला, खरेदीखत दाखवलं. काही उपयोग झाला नाही. जागेचा भाव खऱ्या आकड्यावर ठरत नाही, सर्वांत मोठ्या ऐकीव आकड्यावर ठरतो.

गेल्या मे महिन्यात ग्रामसभेत चिरेखाणीचा विषय आला. आमच्या घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर, व्हाळाच्या पलीकडे, एका कुटुंबाने आपला सड्याचा तुकडा चिरे काढायला द्यायचं ठरवलं होतं. मुलीला नर्सिंगला घालायचंय, आणि त्या कातळावर दुसरं काय पिकणार? ज्यांना चिरेखाण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कातळावर रुळांसारखी पट्टी टाकून तिच्यावरून गोल पात्याचं यंत्र फिरवतात. त्याचा आवाज दाताच्या डॉक्टरांकडच्या यंत्रासारखा, फक्त सबंध आकाशभर. लाल धूळ झाडांवर बसते ती पाऊस येईपर्यंत उतरत नाही. ट्रकांनी पाखाडीचा रस्ता खचतो. खाण संपली की खड्डा तसाच सोडून जातात आणि पावसात तो भरतो. मुलं पोहायला जातात, गुरं पडतात.

सभेत सरपंचांनी एकेकाला विचारलं, हरकत आहे का. आमच्यापाशी आले तेव्हा सगळी सभा आमच्याकडे वळली. बाहेरून आलेल्यांचं काय म्हणणं पडतं ते सगळ्यांनाच ऐकायचं होतं. आणि मी ज्या भिंतीला टेकून रोज पेपर वाचते ती चिऱ्यांची आहे. ते चिरे कुठल्या तरी सड्यातूनच काढलेले. तेव्हा ते हाताने, टिकावाने काढायचे, आवाज कमी व्हायचा, माणूस जास्त झिजायचा. मी उठून म्हणाले की खाणीला आमची हरकत नाही. विहिरीच्या झऱ्याच्या बाजूला खोदू नये, ट्रक शाळेच्या वेळात पाखाडीवरून नेऊ नयेत, खड्ड्याला कुंपण घालावं आणि यंत्र सकाळी आठच्या आत सुरू करू नये, एवढं ठरावात लिहा. झऱ्याचं ऐकल्यावर काकी लगेच "बरोबर बोलतंय ती" म्हणाल्या आणि मग सगळेच विहिरीवर बोलायला लागले. ठरावात तिन्ही अटी आल्या. आठची अट मात्र खाणीवाल्याने हात जोडून नाकारली. त्याची माणसं विजापूरकडची. उन्हाच्या आत काम उरकायचं म्हणून ती साडेसहालाच कातळावर चढतात, आणि मे महिन्यात बारानंतर त्या कातळावर उभं राहून दाखवा, असं तो म्हणाला. ह्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. सातवर तडजोड झाली.